गाडा कुणी ओढायचा

शनिवार, २ मे १९३६

उद्या प्रभुभोजन. बायकोने, रतनने, मनुका भिजत घातल्या आहेत, पीठ चाळून ठेवले आहे. बारामतीला मिशनच्या साहेबांकडे पाठवायचा अहवाल सकाळीच पुरा केला : घरे एकोणीस, बाप्तिस्मा झालेली माणसे ब्याऐंशी, महारकी सोडलेली घरे एकोणीस. हा शेवटचा आकडा लिहिताना दर वेळी बरे वाटते. मेलेली ढोरे ओढणे नाही, मौतीचा सांगावा घेऊन गावोगाव पळणे नाही, देवीपुढे वाजवणे नाही. सहा वर्षांपूर्वी मी कऱ्हाटीहून या वाडीत आलो तेव्हा यातले एकही घर सुटलेले नव्हते. पाळकाची दीक्षा मिळून दोन वर्षे झाली तरी लोक मला अजून मास्तरच म्हणतात. रागावत नाही, पण आवडतही नाही.

लासुर्ण्याच्या अंगाला पटकी आली आहे म्हणतात. इंदापूरहून सरकारी माणूस येऊन गावच्या विहिरीत लाल औषध टाकून गेला. त्या विहिरीला आमच्या बायकांनी हात लावायचा नाही. बाभळीखाली घागरी मांडून बसायचे, आणि गावातली कोणी पाण्याला आली, तिला दया आली, तर ती वरून पाणी वाढणार. रतनही तिथे बसते. मला ते बघवत नाही, म्हणून मी त्या वाटेने जातच नाही.

मंगळवार, ५ मे

गाडा येणार अशी बातमी आहे. पुढेमागे ही वही कोणी वाचली तर कळावे म्हणून लिहून ठेवतो. पटकी आली की लाकडाचा हातभर उंचीचा गाडा करतात. त्यात मरीआईची बाहुली, हिरवा चुडा, लिंबाचा पाला, दहीभात. एक गाव तो आपल्या शिवेपर्यंत ओढत नेते, तिथून पुढचे गाव. गाडा गावाबाहेर गेला की रोगही गेला, अशी समजूत. या गावात तो ओढण्याचा मान आमच्या वस्तीचा, आणि वस्तीतही एकाच घराचा. ते घर म्हणजे बनाबाईचे सासर. दुसऱ्याने दोर धरला तर देवी मानत नाही म्हणे. नवरा जाऊन दहा वर्षे झाली, मूल नाही, त्यामुळे त्या घरात आता बनाबाई एकटीच उरली आहे.

संध्याकाळी सगळ्यांना शाळेत बोलावले. म्हटले, ख्रिस्ताचे शिष्य म्हणवता ना? मग या दोराला एकाचाही हात लागता कामा नये. सगळ्यांनी हात वर केले. बनाबाईनेही केला, पण मग विचारते :

"मास्तर, आपुन न्हाय वडला तर गाडा हितंच ऱ्हाईल का?"

"राहू दे. लाकूड आहे ते, मावशी."

"आपल्यासाठी लाकूड. त्यास्नी तसं न्हाय वाटत."

मी हसून सोडून दिले. म्हातारीचे मन स्वच्छ आहे, पण धर्मशिक्षण डोक्यात शिरत नाही. सहा वर्षांत तिला दहा आज्ञा ओळीने म्हणता आलेल्या नाहीत.

शनिवार, ९ मे

काल शेजारच्या गावाने गाडा आमच्या शिवेवर आणून सोडला. आज खुद्द आबाजी पाटील शाळेपाशी आले. मी खुर्चीवर होतो. उठलो नाही. पाटील उन्हात उभे राहिले.

"मास्तर, तुमी शाळंत काय बी शिकवा, माझी ना न्हाय. पर येवढा गाडा शिवंपार करू द्या. माझी सून कालपास्नं पडलीया."

आजवर 'अरे मास्तर' होते, ते आज 'तुमी' झाले. मी म्हणालो, "पाटील, आम्ही खऱ्या देवाचे लोक. आमच्याने हे होणार नाही. सुनेला इंदापूरच्या दवाखान्यात न्या."

"पाय धरू का तुमचं?"

खरे लिहायचे तर, त्या क्षणी मला आनंद झाला. माझ्या बापाने अशाच एका पाटलाच्या दारात जन्मभर जोहार घातला. आज पाटील उभा आणि मी बसलेला. मी नाही म्हणालो. पाटील गेले.

रात्री रतन म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? घाबरलाय तो बिचारा."

मी म्हणालो, "साक्ष देण्याची वेळ सांगून येत नसते."

रविवार, १० मे

पाटलांची सून गेली. उपासनेला शाळा गच्च भरली होती. मी दीड तास बोललो, माझा आवाज मलाच नवा वाटला. परतलेल्या बायकांनी सांगितले, विहिरीवर आज कोणी पाणी वाढले नाही. दुपारपर्यंत बसल्या, रिकाम्या घागरी घेऊन आल्या.

बुधवार, १३ मे

चौथा दिवस. विहीर बंद, गावच्या रानात जळण वेचायलाही बंदी. पाटाची पाळी संपून बारा दिवस झाले. चारीत खड्ड्याखड्ड्यांतून हिरवे पाणी साचले आहे, तेच बायका फडक्याने गाळून आणतात. मी घरोघर जाऊन सांगितले, उकळून प्या. म्हस्कू आमच्या मंडळीचा पंच, सरळ माणूस. तो म्हणाला, "मास्तर, उकळायचं कशावर? माझ्या हाडांवर?" म्हस्कू असे बोलत नाही कधी.

आमच्यापुरती प्रभूने सोय केली आहे. कालव्याच्या बंगल्यावरचे कारकून ओळखीचे. रोज सायकलला रॉकेलचे दोन डबे बांधून तिथले स्वच्छ पाणी आणतो. आज बघतो तर एक डबा सकाळीच रिकामा. रतनने वाटून टाकला होता. मी चिडलो. पाळकच पडला तर कळपाकडे कोण बघणार?

साहेबांना चार पाने पत्र लिहिले. छळ सोसूनही मंडळी खडकासारखी उभी आहे, असे लिहिले.

शुक्रवार, १५ मे

म्हस्कूची बायको झुंबर हिला पहाटे पटकी लागली आणि ती दिवस मावळायच्या आत गेली. वय पंचवीससुद्धा नसेल. दिवसभर बनाबाई तिच्या उशाशी होती, घाण काढत होती, हातपाय चोळत होती. झुंबर सारखी पाणी मागत होती, आणि द्यायला चारीचेच पाणी होते. मी माझ्या डब्यातले तांब्याभर नेले, तोवर तिला गिळवत नव्हते.

काट्यांच्या कुंपणातल्या आपल्या जागेत पुरले. प्रार्थना मी केली. आणखी दोन घरांत लागण आहे.

रविवार, १७ मे

उपासना झाल्यावर सगळे गेले, बनाबाई थांबली. म्हणाली :

"मास्तर, उद्या म्या गाडा वडते."

मला वाटले थट्टा करते आहे. तिचे तोंड तसे नव्हते.

"मावशी, याचा अर्थ कळतो का? प्रभुभोजनाला बसता येणार नाही. मंडळीच्या वहीतून नाव जाईल. मेलात तर त्या कुंपणात जागा नाही."

"ठावं हाय. तुमीच सांगितलंय."

"मग?"

"शेजारच्या सारजाचं प्वार कालपास्नं चारीचं पाणी पितंय. आठ म्हयन्याचं हाय. हीर उघडाय पायजे. मान माझ्या घरचा, दुसऱ्या कुणी वडून चालत न्हाय. तुमच्या पाया पडते, नाव माझं एकटीचं काढा. बाकीच्यांस्नी यात धरू नगा." मग म्हणाली, "एकानं समद्यांचं अंगावर घेतलं, असं तुमीच सांगता न्हवं? मंग म्या माझ्यापुरतं घेतलं तर?"

मी तिला खाली बसवले आणि अर्धा तास समजावले की तारणारा एकच, माणसाने ती बरोबरी करू नये, आणि चांगल्या हेतूने केलेली मूर्तिपूजाही मूर्तिपूजाच. तिने नेहमीसारखे सगळे ऐकून घेतले. शेवटी "व्हय" म्हणाली आणि गेली. मला वाटते पटले असावे.

सोमवार, १८ मे

पटले नव्हते.

ओढणाऱ्याने सकाळपासून पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा नाही, आणि पुढच्या गावाने दोर हातात घेईपर्यंत तो सोडायचा नाही, असा रिवाज आहे. शाळेच्या खिडकीतून मी बघितले. साठीची बाई, दोर खांद्यावरून घेतलेला, वाकून चाललेली. मागे पन्नास पावले अंतर ठेवून सगळा गाव. ऊन डोक्यावर. गाडा हलका दिसतो, पण चाके लाकडाची आणि वाट खडकाळ. दोनदा पडली. हात द्यायला कोणी पुढे झाले नाही, द्यायचा नसतो.

रामहरी हा आमचा दुसरा पंच. तो शिवेपर्यंत लांबून गेला होता. त्याने सांगितले, पुढच्या गावाचे लोक वेळेवर आले नाहीत. माळावर झाड नाही. तीन वाजेपर्यंत म्हातारी दोर धरून उभी होती.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटे नाही. सहा वर्षांचे शिक्षण एका दिवसात धुऊन गेले.

पाचच्या सुमाराला विहिरीवर पाणी वाढले. बायका धावत गेल्या. रतनने तांब्या भरून पुढे केला. मी प्यालो. गार होते.

मंगळवार, १९ मे

पंचांची बैठक घेतली. नियम दाखवला. रामहरीने हात वर केला. म्हस्कू खाली मान घालून बसला होता. "तुमी म्हणाल तसं," म्हणाला, आणि खूप वेळाने त्याचाही हात वर गेला. बनाबाईचे नाव वहीतून काढले. रेघ वाकडी आली आहे.

सांगायला मीच गेलो, दुसऱ्याला पाठवणे बरे दिसले नसते. ती उंबऱ्याला टेकून बसली होती. पावलांना फडकी गुंडाळलेली. ऐकून म्हणाली, "बरं." मग विचारले, "गाणी म्हणताना म्या भायेर वट्ट्यावर बसले तर चालंल का?"

बाहेर बसायला नियमाची हरकत नाही. चालेल म्हणालो.

घरी रतन म्हणाली, "ते पाणी तुम्हीही प्यालात."

अंगाचा तिळपापड झाला. पाणी देवाने निर्माण केले, बनाबाईने नव्हे, असे काहीतरी मी बोललो. जेवण गेले नाही.

गुरुवार, २१ मे

बनाबाईला पटकी लागली. ओकारी आणि जुलाब कालपासून. कोणाला कळवले नाही. सारजाने सकाळी दार उघडून बघितले तेव्हा कळले. मला बोलावणे आले.

दार ओलांडून जायला मला किती लागणार होते? शंभर पावले. पण जिचे नाव काढले तिच्याकडे भाकर आणि प्रार्थना घेऊन गेलो तर नियमाला अर्थ काय राहिला? उद्या दहाजण दोर धरतील. मी रतनला पाठवले. म्हटले, तिला सांग, फक्त एक शब्द पुरे. सारजासमोर 'चुकलं' म्हण म्हणावे. लगेच येतो, कपडे करून बसलो आहे.

रतन तासाभराने आली. मी विचारले, "म्हणाली का?"

"नाही."

आणखी विचारण्यात अर्थ नव्हता. कपडे उतरवले नाहीत, तसाच बसलो. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. हा सगळा अभिमान आहे. इतकी गरीब बाई, पण शेवटच्या घटकेलाही मान खाली होत नाही.

शुक्रवार, २२ मे

बनाबाई पहाटे गेली.

पाटलांनी हिरवे लुगडे आणि नारळ पाठवला. मी परत पाठवायला सांगितले, रतनने ऐकले नाही, लुगडे अंगावर घातले. कुंपणाच्या आत जागा देता येत नव्हती. अगदी बाहेर कुठे माळावर नको म्हणून कुंपणाला लागून बाहेरच्या अंगाला खड्डा घ्यायला परवानगी दिली. एवढी सवलत साहेबांनाही मान्य होईल असे वाटते. खड्डा म्हस्कूने एकट्याने खणला. कुणाचा हात लागू दिला नाही. प्रार्थना झाली नाही. मी शाळेत बसून पाट्या पुसत होतो, शाळेला तर सुटी आहे.

आबाजी पाटील आले होते. लांब उभे राहून त्यांनी पागोटे काढले. वाडीतल्या कोणासाठी त्यांनी पागोटे काढलेले मी आजवर बघितलेले नाही. त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

मंगळवार, २६ मे

नवी लागण चार दिवसांत नाही. सारजाचे मूल बरे आहे, विहिरीवर रोज पाणी मिळते.

साहेबांचे उत्तर आले. फार प्रेमाने लिहिले आहे. माझे पत्र त्यांनी बारामतीच्या मंडळीपुढे वाचून दाखवले, पुष्कळांच्या डोळ्यांना पाणी आले. अशा निष्ठेची माणसे हीच मंडळीची दौलत, असे शब्द आहेत. तीन वेळा वाचले. रतन जात्यावर होती. तिला वाचून दाखवू का म्हटले.

"वाचा."

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "यात झुंबरचं काहीच नाही."

मी तिला सांगितले की झुंबर पत्र गेल्यावर वारली. तेवढे खरे आहे. पण त्यानंतरही मी एक कार्ड टाकले होते, आणि त्यातही झुंबरचे लिहिलेले नाही. का नाही, हे मला सांगता येणार नाही.

रविवार, ३१ मे

पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा सण. मुद्दाम प्रभुभोजन ठेवले होते. मंडळीला धीर यावा असा हेतू होता. सगळे आले. लहान मुलांसकट एकजण घरी राहिला नाही.

भाकर मोडली. प्याला उचलला. पुढे या म्हणालो. कोणीही उठले नाही.

वाटले ऐकू गेले नसेल. पुन्हा म्हणालो. सगळे खाली बघत होते. मग म्हस्कू उभा राहिला.

"मास्तर, माझं बी नाव काढा."

"का? तू काय केलेस?"

"तिनं वडून आणल्यालं पाणी म्या प्यालो. परत तिच्या इरुद्ध हात वर केला तो याच हातानं. ह्यो हात पुढं करून भाकर कशी घिऊ?"

तो बसला तर सारजा उठली, मूल कडेवर होते. "माझं बी काढा. याचं बी." मग रामहरी. मग एकेक करून मागचे. आरडाओरडा नाही, भांडण नाही, जणू काही पाटील हजेरी घेतो आहे आणि हे हजर म्हणताहेत. मी रतनकडे बघितले. ती बायकांच्या रांगेत बसली होती. तीही उठली.

मी म्हणालो, बसा, गीत म्हणू. गीत मी एकट्यानेच म्हटले. दोन कडवी झाल्यावर थांबलो. लोक गेले. मोडलेली भाकर टाकता येत नाही, म्हणून मी ती बसून खाल्ली. सगळ्या मंडळीला पुरावी अशी होती, सगळी संपली नाही.

संध्याकाळी रतन चूल पेटवत होती. मी विचारले, "त्या दिवशी बनाबाईकडे तू तासभर होतीस. तिने 'चुकलं' का म्हटले नाही?"

रतनने फुंकणी खाली ठेवली. मग सांगू लागली. बनाबाईच्या घशातून आवाज निघत नव्हता, कान तोंडाशी न्यावा लागत होता. ती म्हणाली होती, "म्या चुकलं म्हनले तर सांजंपत्तुर गावात कळंल. देवीचा गाडा वडून बाई उलटली म्हनतील. मंग हिरीवर परत कुणी पाणी वाडायचं न्हाय. सारजाचं प्वार हाय, बाकीची हायती. माझं असूं दे तसंच. मास्तरास्नी सांगा, त्यांनी नाव काढलं ते बराबर केलं. त्यास्नी बोल लावू नगा."

"आणखी काय म्हणाली?"

"भ्याले होते म्हणाली. आत घेणार नाहीत तिथं वर, म्हणून. मी म्हटलं, घेतील मावशी. ती म्हणाली, न्हाय घेतलं तर वट्ट्यावर बसंन."

चुलीत जाळ धरला होता. मी विचारले, "हे तेव्हाच का नाही सांगितलेस मला? मी शंभर पावलांवर कपडे घालून बसलो होतो."

रतन म्हणाली, "तुम्ही एवढंच विचारलंत, म्हणाली का? मी म्हटलं, नाही. मग तुम्ही तोंड फिरवलंत."

सहा वर्षे दर रविवारी ही बाई माझ्यासमोर खाली जमिनीवर बसत होती, आणि शिष्याने कसे जगावे ते मी तिला समजावून सांगत होतो.